दवंडी पोळ्याला, बदल फाल्गुनात

धर्मकाट्यावरची वजनाची पावती काढणारं माझं छोटं सॉफ्टवेअर बारा वर्षांपासून मुक्त स्रोत आहे, म्हणजे कोणीही घ्यावं, वापरावं. कोणी कुठे उतरवून घेतलं, याची यादी माझ्याकडे नाही. तिसऱ्या आवृत्तीत मी वजन क्विंटलऐवजी किलोत साठवलं. बदलांच्या यादीत चौदाव्या ओळीवर लिहिलंही होतं. आवृत्ती सोडली ऐन नोव्हेंबरात, कापूस जोरात असताना. दुसऱ्याच दिवशी पांढरकवड्याकडून फोन: “भाऊ, एका बंडीत आठशे क्विंटल कापूस काऊन दिसून रायला?” त्याची जुनी एक्सेल शीट माझी फाइल वाचायची. चौदावी ओळ त्यानं कशाला वाचावी?

तेव्हापासून येणाऱ्या बदलाची सूचना प्रोग्रॅममध्येच देतो, पावती काढतानाच दिसेल अशी. प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनानं हेच केलं होतं. २०१४ मध्ये २.० आवृत्तीत ‘पुश’ची (केलेलं काम सर्व्हरवर पाठवणाऱ्या आज्ञेची) मूळ वागणूक बदलली, पण त्याआधीच्या काही आवृत्त्या नुसतं ‘गिट पुश’ केलं की इशारा द्यायच्या आणि जुनी पद्धत टिकवायची तर कोणती आज्ञा द्यायची, तेही छापायच्या. ती आज्ञा महत्त्वाची. नुसत्या इशाऱ्यानं माणूस घाबरतो, आणि चार दिवसांनी तो दिसेनासाच होतो.

अर्थ बदलला तर नावही बदला. ‘वजन’ रकान्याचं मी ‘वजन_किलो’ करायला हवं होतं. मग त्याची शीट तिथंच अडली असती, खोटा आकडा पुढे गेला नसता. आवृत्तीचा पहिला आकडा वाढवा, ते तर झालंच.

तारीख नेमकी लिहा. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची तिसरी आवृत्ती, पायथन ३, आली २००८ मध्ये. पायथन २ चा आधार, म्हणजे त्यातल्या चुकांची दुरुस्ती, २०१५ ला संपणार होता, तो २०२० पर्यंत वाढवला. मुदत वाढवावी लागली तर वाढवा, पण ‘लवकरच’ लिहू नका. मी पोळ्याला कळवतो, काटे थंडावल्यावर फाल्गुनात बदलतो. जुन्या आवृत्तीतल्या चुका त्यापुढचा एक हंगाम दुरुस्त करतो.

आता सूचना आधी त्या पांढरकवड्याच्या भावालाच फोनवर वाचून दाखवतो. मागच्या खेपेला कारणांचा अख्खा परिच्छेद ऐकून तो म्हणाला, “बरं, मंग आज मले काय करा लागते?” ते सहाव्या ओळीत होतं. वर आणलं: “तुमची एक्सेल आमची फाइल वाचत असेल, तर १ मार्चआधी ‘वजन’च्या जागी ‘वजन_किलो’ लिहा आणि आकड्याला १०० नं भागा.”