बॅरल रेसिंगसाठी पहिला घोडा: आधी स्वभाव, मग वेग

अमेरिकेत राहून बॅरल रेसिंग, म्हणजे घोड्यावरून तीन पिंपांना वळसे घालत कमीत कमी वेळात धावण्याचा खेळ, शिकायचा असेल, तर पहिला घोडा घेताना त्याची सर्वोत्तम वेळ विचारत बसू नका. मैदानाच्या फाटकापाशी तो कसा वागतो ते बघा. आत शिरताना थयथयाट करणारा, पुढचे पाय उचलणारा घोडा नवशिक्याने घेऊच नये, मग कितीही स्वस्त मिळो. तीन पिंपांभोवतीची वाट अंगवळणी पडलेला, बारा-पंधरा वर्षांचा शांत क्वार्टर हॉर्स (थोड्या अंतरात वेगाने धावणारी अमेरिकी जात) उलट तुम्हालाच शिकवेल. कोवळा घोडा आणि नवखा स्वार ही जोडी मला तरी धोक्याची वाटते.

आधी विकणाऱ्याला घोड्यावर बसायला सांगा, मग तुम्ही बसा: साधी चाल, दुडकी, शेवटी सावकाश दौड. वळताना खांदा झुकवून पिंपाकडे कलतो का? लगाम खेचला की थांबतो का? या खेळात मागच्या पायांच्या सांध्यांवर फार ताण येतो, म्हणून पैसे देण्याआधी आपल्या पशुवैद्याकडून तपासणी कराच. विकणाऱ्याच्या नव्हे.

एनबीएचए (नॅशनल बॅरल हॉर्स असोसिएशन) या अमेरिकी संघटनेच्या स्पर्धांत वेळेनुसार गट असतात. सर्वांत वेगवान घोड्यापेक्षा अर्धा सेकंद जास्त लागला की तिथून दुसरा गट धरतात. त्यामुळे संथ घोड्यालाही बक्षिसाची संधी असते. पिंप पाडलं तर मात्र वेळ धरतच नाहीत.