निवृत्त गोलरक्षकाची सही: जमवावी कशी, पारखावी कशी

स्ट्रायकरचं काम गुणफलकावर दिसतं, गोलरक्षकाचं दिसत नाही. ७ जून १९७० रोजी विश्वचषकात, मेक्सिकोतल्या ग्वादलहारात, ब्राझीलच्या पेलेचं हेडर टप्पा घेऊन गोलमध्ये शिरत होतं. इंग्लंडचा गोलरक्षक गॉर्डन बँक्सने उजवीकडे झेपावून ते बारवरून घालवलं. निकाल मात्र ब्राझील १, इंग्लंड ०. म्हणून गोलरक्षकाच्या सह्या जमवताना आधी प्रसंग ठरवायचा आणि मग त्या प्रसंगाची सही शोधायची. ‘मिळेल ती घेऊन ठेवा’ असं सांगणाऱ्यांच्या फाइली जाड होतात, पण त्यात तो खेळाडू सापडत नाही.

बँक्सचंच उदाहरण घेऊ. १९६६ चा विश्वचषक, १९७० ची ती झेप, १९७२ ला स्टोक सिटीने जिंकलेला लीग कप. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि तरीही १९७७ मध्ये तो अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलकडून खेळला. प्रत्येक टप्प्याचा एक कागद मिळाला तरी पुष्कळ झालं.

खेळाडू हयात असेल तर सरळ पत्र लिहा. चार-पाच ओळी, एकच फोटो, त्याच्या देशाचं तिकीट लावलेलं परतीचं पाकीट, एवढं पुरतं. एकदम सहा फोटो पाठवणाऱ्याला उत्तर आलं नाही तर तक्रार करू नये.

बँक्स फेब्रुवारी २०१९ मध्ये गेला. तेव्हापासून त्याची सही फक्त विकत किंवा अदलाबदलीत मिळते, आणि खरी मेहनत इथेच आहे. मला सगळ्यात जास्त काळ याच पायरीने छळलं.

लोक आधी प्रमाणपत्र मागतात. एका विक्रेत्याने मला सोनेरी शिक्क्याचं, फारच देखणं प्रमाणपत्र दाखवलं होतं. खालची सही छापलेली होती! प्रमाणपत्र कुणालाही छापता येतं. ते देणारा कोण आणि उद्या शंका आली तर तो पैसे परत करणार का, एवढंच विचारा. बाकी भिस्त स्वतःच्या डोळ्यांवर.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छापील फोटो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. सहीही तशाच ठिपक्यांची दिसली तर विषय संपला. मग फोटो उजेडात तिरका धरा. मार्करची शाई चकचकीत कागदावर वेगळी चमकते आणि दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे बहुधा गडद होते. छापलेल्या सहीला हे जमत नाही.

यंत्राने केलेली सही जास्त फसवते, कारण तिथे पेन खरं असतं. रेषेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच, दोन्ही टोकांना शाईचा बोथट ठिपका. अशी शंका आली की त्याच खेळाडूची विक्रीला असलेली दुसरी सही शोधा आणि दोन्ही एकावर एक ठेवून पाहा. तंतोतंत जुळल्या तर पैसे खिशात ठेवा. कोणताही माणूस दोनदा हुबेहूब सारखी सही करत नाही.

माणसाने केलेली नक्कल ओळखायची तर सही उलटी धरा. सुलट असली की आपण नाव वाचतो आणि डोळा स्वतःच उणिवा भरून काढतो. उलटी धरली की नुसते आकार उरतात. खरी सही वेगात झालेली असते, शेवटची रेषा निमुळती होत सुटते. नक्कल करणारा सही काढत असतो, म्हणून वळणावर तो थांबतो आणि तिथे शाई साचते.

मात्र ‘हात थरथरला म्हणजे खोटी’ हा सरसकट सल्ला कृपया ऐकू नका. बँक्स ८१ वर्षांचा होऊन गेला. म्हाताऱ्या हाताची रेषा थरथरू शकते. तीच थरथर १९६६ च्या वहीच्या पानावर दिसली तर मात्र गडबड आहे. तुलना नेहमी त्याच वयातल्या सहीशी करा. पेनही तपासा. शार्पी मार्कर १९६४ मध्ये बाजारात आला. म्हणून बँक्सच्या त्या वेळच्या क्लबच्या, लेस्टर सिटीच्या, १९६१ च्या एफए कप फायनलच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘त्याच दिवशी’ शार्पीने केलेली सही असूच शकत नाही. नंतर केलेली असेल, पण मग विक्रेत्याने तसं सांगायला हवं.

संपूर्ण संघाच्या सह्यांच्या कागदापासून मी तर लांबच राहतो. ड्रेसिंग रूममध्ये एकाने बाकीच्यांच्या सह्या ठोकून देण्याची पद्धत जुनीच. उलट ‘अमक्यास शुभेच्छा’ असं लिहून केलेली सही मी आनंदाने घेतो. दुसऱ्याचं नाव असल्याने ती स्वस्त मिळते, आणि जितकं जास्त हस्ताक्षर तितका नकली माल पकडला जाण्याचा धोका मोठा, म्हणून खोटं करणारे सहसा त्या वाटेला जात नाहीत.

ग्लोव्हजवर सही घ्यायची झाली तर तळव्यावर नको. तिथला लॅटेक्स काही वर्षांत चिकट होतो किंवा भुगा होऊन झडतो आणि सहीही त्याच्याबरोबर जाते. मागच्या बाजूला किंवा मनगटाच्या पट्ट्यावर घ्या.

जतन करणं सोपं आहे. लॅमिनेशन नाही, चिकट पानांचा अल्बम नाही, पीव्हीसीचं पाकीट नाही. पॉलिएस्टरचं पाकीट आणि आम्लरहित कागद वापरा. भिंतीवर टांगायचीच हौस असेल तर रंगीत प्रत टांगा, मूळ सही अंधारातच बरी. कागदाच्या मागे पेन्सिलने, हलक्या हाताने, कुणाकडून आणि कधी घेतली ते लिहा आणि पावती त्याच पाकिटात ठेवा.