अंतर्कर्णाच्या शस्त्रक्रियेनंतरची चक्कर : तोल सावरताना या चुका टाळा

कानाच्या आतल्या भागाची शस्त्रक्रिया झाली की घरातले, शेजारचे, भेटायला येणारे सगळे एकच सांगतात : पडून राहा, मान हलवू नका, डोळे मिटून घ्या. पहिला एखादा दिवस पडून राहणं ठीक आहे. पुढे मात्र हीच काळजी चक्कर लांबवते. दोन महिन्यांत सावरू शकणारा माणूस सहा महिने भिंत धरून चालतो, तेव्हा बऱ्याचदा शस्त्रक्रिया बिघडलेली नसते. मेंदूला सराव मिळालेला नसतो.

दोन्ही कानांच्या तोल सांभाळणाऱ्या नसा आपण स्थिर बसलो असतानाही मेंदूला सतत संदेश पाठवत असतात. डोकं उजवीकडे वळलं की उजवीकडचे संदेश वाढतात आणि डावीकडचे घटतात. शस्त्रक्रियेत एका बाजूची नस किंवा नलिका निकामी झाली, की त्या बाजूने शांतता आणि दुसऱ्या बाजूने नेहमीचा ओघ, असं चित्र मेंदूसमोर येतं. मेंदू त्याचा अर्थ ‘डोकं चांगल्या कानाकडे फिरतंय’ असा लावतो. म्हणून खोली गरगरते, डोळे झटके देतात, उलटी होते. पडल्या जागी होणारी ही गरगर काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत, आपोआप निवते. मात्र डोकं हलवल्यावर येणारी चक्कर आणि चालताना जाणारा झोक आपोआप जात नाही. डोकं हललं, नजर घसरली, चूक झाली, हे मेंदूला पुन्हा पुन्हा कळावं लागतं. तेव्हाच तो उरलेल्या कानावर हिशेब नव्याने बसवतो.

दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या सूचना पाळणं

‘कानाचं ऑपरेशन’ एवढ्यावरून पथ्य ठरत नाही. मेनिअरच्या आजारासाठी (आतल्या कानातल्या बिघाडाने वारंवार चक्कर येण्याचा आजार) केलेली लॅबिरिंथेक्टॉमी, म्हणजे त्या कानातलं तोलाचं इंद्रिय काढून टाकणं, तोलाची नस कापण्याची शस्त्रक्रिया किंवा अंतर्कर्णातून जाऊन काढलेला अकूस्टिक न्यूरोमा (तोलाच्या नसेवरची, कर्करोग नसलेली गाठ), या तिन्हींत त्या बाजूची तोलाची संवेदना कायमची जाते. सर्जनची हरकत नसेल तर इथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उठून बसणं, चालणं आणि डोक्याचे व्यायाम सुरू होतात.

ऐकू येणं सुधारण्यासाठी केलेल्या स्टेपिडोटॉमीचं तसं नाही. तिथे अंतर्कर्णाच्या तोंडावरच्या पातळ हाडाला मिलिमीटरहून लहान छिद्र पाडून पिस्टन, म्हणजे बारीक कृत्रिम दांडी, बसवतात. तोलाचं इंद्रिय जिवंतच असतं, फक्त दुखावलेलं असतं. चक्कर बहुधा काही दिवसांत ओसरते. त्या काळात छिद्राभोवतीची जागा नीट मिटणं महत्त्वाचं, म्हणून सर्जनने सांगेपर्यंत डोकं झटकण्याचे व्यायाम करायचे नाहीत. कॉक्लिअर इम्प्लांटनंतर (ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवलेलं यंत्र) काहींना चक्कर येतच नाही, काहींना आठवडाभर येते, तर काहींना महिन्याभराने वेगळ्याच प्रकारची येते. तिच्याविषयी पुढे.

अकूस्टिक न्यूरोमाच्या दोन रुग्णांचीही तुलना करू नका. गाठ हळूहळू वाढत असताना एकाच्या त्या कानाची संवेदना आधीच गेलेली असू शकते आणि मेंदूने ती तूट शस्त्रक्रियेपूर्वीच भरून काढलेली असते. असा माणूस चौथ्या दिवशी वॉर्डात फेऱ्या मारतो. दुसऱ्याचा कान शेवटपर्यंत चांगला चालत होता, त्याला सगळा धक्का एकदम बसतो. यात हिंमत कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही. तारीख ठरलेली असेल आणि हातात काही आठवडे असतील, तर खालचे व्यायाम आधीच शिकून ठेवा. गरगर चालू असताना नवीन काही शिकणं फार कठीण जातं.

अंधार करून, डोळे मिटून पडून राहणं

पहिल्या दिवसांत उलट करून पाहा. खोलीत उजेड ठेवा, डोळे उघडे ठेवा आणि समोरच्या एका स्थिर बिंदूवर, दाराच्या कडीवर किंवा भिंतीवरच्या खिळ्यावर, नजर लावा. नजर टेकली की कानामुळे होणारे डोळ्यांचे झटके दबतात आणि गरगर कमी होते. अंधारात तो आधार मिळत नाही. चांगल्या कानाच्या बाजूला डोळे वळवले की झटके वाढतात, म्हणून भेटायला येणाऱ्यांची खुर्ची आणि पाण्याचा तांब्या सुरुवातीला समोर किंवा शस्त्रक्रिया झालेल्या बाजूला ठेवा. आठवडाभराने त्या वस्तू मुद्दाम दुसऱ्या बाजूला न्या.

चक्करच्या गोळ्या महिनोन्महिने घेणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल), प्रोमेथाझिन, सिनारिझिन, डायझेपाम ही औषधं तोलाच्या यंत्रणेला दाबतात. उलट्या थांबवायला पहिले दोन-तीन दिवस ती लागतात, तेव्हा जरूर घ्यावीत. पुढे मात्र मेंदूला ज्या चुका दिसायला हव्यात त्याच ती झाकतात. शिवाय झोप आणतात, वयस्कर माणसाचा तोल आणखी बिघडवतात. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन लांबली तर उतारवयात हात थरथरणं, हालचाल मंदावणं असा कंपवातासारखा त्रासही होऊ शकतो. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तीच पट्टी पुन्हा पुन्हा आणू नका. पहिल्या तपासणीच्या वेळी ‘ही गोळी कधी बंद करायची?’ असं स्पष्ट विचारा. डायझेपाम बरेच दिवस चालू असेल तर एकदम न सोडता डॉक्टरांच्या सांगण्यानुसार कमी करा. बीटाहिस्टिन (व्हर्टिन) या गटातलं नाही, ते गुंगी आणत नाही. पण ते घेतलं म्हणून व्यायाम टाळता येत नाही.

मान आखडून, अख्खं अंग वळवून बघणं

चक्कर येऊ नये म्हणून माणूस नकळत मान धरतो. कुणी हाक मारली की खांद्यासकट वळतो. दोन-तीन आठवड्यांत मानेचे स्नायू दुखू लागतात, डोकं जड होतं, आणि मग ‘स्पाँडिलायटिसमुळे चक्कर’ असा समज होऊन गळ्यात पट्टा येतो. पट्ट्याने हालचाल आणखी कमी होते. टाके, ड्रेसिंग आणि सर्जनने घातलेलं बंधन सांभाळून मान मोकळी ठेवा. बसल्या बसल्या हळू उजवीकडे, डावीकडे, वर, खाली बघा. डोळे आणि मान दोन्ही वळवा, खांदे समोरच राहू द्या.

फक्त डोळे फिरवणं, डोकं स्थिर ठेवून

डोकं न हलवता बोटाचा पाठलाग करणं किंवा डोळे गोल फिरवणं, याला बरेच जण व्यायाम समजतात. त्याने अंतर्कर्णाच्या यंत्रणेला काहीच काम मिळत नाही. डोकं हललंच पाहिजे आणि त्याच वेळी नजर एका जागी टिकली पाहिजे.

एका कार्डावर ठळक ‘क’ लिहा. साध्या, नक्षी नसलेल्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. हातभर अंतरावर खुर्चीत बसा. नजर अक्षरावर ठेवून डोकं उजवी-डावीकडे हलवा. प्रत्येक बाजूला 20 ते 30 अंश पुरेत, खांद्यापर्यंत वळायची गरज नाही. वेग असा हवा की अक्षर पुसट होण्याच्या अगदी उंबरठ्यावर राहील. स्पष्ट दिसत असेल तर वेग वाढवा, हलू लागलं तर जरा कमी करा. सुरुवातीला 30 सेकंद, मग 1 मिनिट. थोडं थांबून तसंच वर-खाली. मोबाईलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं ॲप) लावला तर वेग मोजता येतो : एका ठोक्याला एक बाजू, सुरुवात मिनिटाला 60 ठोक्यांनी, आणि आठवड्यागणिक 120 कडे.

दिवसातून निदान तीन वेळा, सगळी मिळून 12 मिनिटं, हे पहिल्या आठवड्यांचं किमान माप. चक्कर जुनी होऊन रेंगाळली असेल तर दिवसाला 20 मिनिटं, तीन ते पाच वेळांत विभागून, चार ते सहा आठवडे. बसून जमलं की उभं राहून करा, मग पाय जोडून, मग भिंतीऐवजी फुलाफुलांच्या पडद्यावर कार्ड लावून, आणि शेवटी चालता चालता.

एक बारीक गोष्ट इथे राहून जाते ती चष्म्याची. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेतून डोकं वर-खाली केलं की काचेचा नंबरच बदलतो आणि अक्षर त्यामुळे पुसट होतं. व्यायामाला आणि जिना उतरताना एकाच नंबरचा चष्मा वापरा.

या व्यायामांची मूळ पद्धत 1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी बसवली. डोक्याला मार लागलेले आणि कानाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण हिंडते-फिरते ठेवले तर लवकर बरे होतात, हे त्यांनी पाहिलं होतं. आजचे व्यायाम जास्त नेमके आहेत, पण पाया तोच आहे.

चक्कर आली की थांबणं, किंवा उलट्या होईपर्यंत करणं

दोन्ही टोकं चुकीची. व्यायामाआधी चक्करला 0 ते 10 मध्ये आकडा द्या. व्यायामाने तो दोन-तीनने वाढला आणि 15-20 मिनिटांत मूळ जागी आला, तर प्रमाण बरोबर. काहीच वाढला नाही तर व्यायाम सोपा झाला आहे, पुढची पायरी घ्या. तासन्तास डोकं गरगरत राहिलं तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मी करा, पण बंद करू नका. जेवल्या जेवल्या करू नका आणि रात्री दमल्यावर सगळं एकदम उरकू नका.

कुणाचा तरी दंड धरूनच उभं राहणं

स्थिर वस्तूला नुसतं बोट टेकलं तरी तोल सावरतो, कारण मेंदूला बोटातूनही माहिती मिळते. म्हणून आधार एकदम सोडायचा नाही आणि कायम ठेवायचाही नाही : आधी तळवा, मग दोन बोटं, मग काही नाही. जागा खोलीच्या कोपऱ्याची निवडा. पाठ कोपऱ्याकडे, समोर जड खुर्ची. झोक कुठेही गेला तरी टेकायला काहीतरी असतं. पाय जोडून 30 सेकंद, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला अंगठा लावून. डोळे उघडे ठेवून नीट जमल्यावरच मिटून. त्यापुढे घडी केलेल्या गोधडीवर, म्हणजे पायाखालची माहितीही धूसर होते आणि उरलेल्या कानाला काम करावंच लागतं. या पायरीला घरातलं कुणीतरी शेजारी हवं. चालण्याचा सराव लांब व्हरांड्यात : तीन पावलं उजवीकडे बघत, तीन डावीकडे.

मऊ फोमच्या सपाता पायाला बऱ्या वाटतात, पण तळपायाला जमीन कळू देत नाहीत. पातळ, घट्ट तळ आणि मागे पट्टा असलेली चप्पल घाला.

न्हाणीघर आणि पाणी

ओली फरशी, वाफेने धुरकटलेला दिवा, डोक्यावरून पाणी घेताना मिटलेले डोळे आणि तांब्या भरायला वाकलेलं डोकं. तोलाचे सगळे आधार एकाच वेळी काढून घेणारी घरातली दुसरी जागा नाही. चार पायांच्या न घसरणाऱ्या स्टुलावर बसून अंघोळ करा, बादली मांडीच्या उंचीला ठेवा, कान कोरडा ठेवण्याच्या काळात केस कुणाकडून तरी धुऊन घ्या. रात्री वाटेवर दिवा चालू ठेवा.

विहिरीत, नदीत, समुद्रात पोहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. कान भरून येऊन सर्जनने परवानगी दिली तरी एका बाजूची संवेदना गेलेल्या माणसाला गढूळ पाण्याखाली वर कुठलं आणि खाली कुठलं हे न कळण्याचा धोका असतो. एकट्याने उतरू नका, बुडी मारू नका.

चक्कर तीच आहे असं धरून चालणं

अंथरुणात कूस बदलताच काही सेकंद जोरात गरगरतं आणि मिनिटभरात थांबतं, तर कानातले सूक्ष्म कण नलिकेत सरकलेले असण्याची शक्यता मोठी. इम्प्लांट किंवा स्टेपिडोटॉमीनंतर हे होऊ शकतं. वरच्या व्यायामांनी ते जात नाही, त्यासाठी एप्लीची कृती, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण नलिकेबाहेर काढणं, लागते. ती व्हिडिओ बघून घरी न करता कानाच्या डॉक्टरांकडून करून घ्या. फक्त उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर पाणी कमी पडतंय का आणि बीपीच्या गोळीचं प्रमाण बरोबर आहे का, ते तपासा. मॉलमध्ये, गर्दीच्या स्टेशनवर किंवा मोबाईल सरकवताना त्रास जास्त होतो, तो मेंदू नजरेवर फार विसंबल्याचा परिणाम. गर्दी टाळत राहिल्याने तो वाढतो, पाच-पाच मिनिटांनी सवय केल्याने कमी होतो. तीन महिने उलटूनही बहुतेक दिवस डोकं डुलत असेल तर फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर दोघांनाही पुन्हा दाखवा. आणि चांगलं बरं वाटत असताना ताप, जागरण किंवा लांबच्या प्रवासानंतर चक्कर परतली, तर घाबरू नका. जुने व्यायाम आठवडाभर पुन्हा करा, बहुधा लवकर उतरते.

दुचाकी आणि गाडी सर्जनने सांगितल्याशिवाय नाही. त्याआधी शेजारी बसून प्रवास करताना झटकन खांद्यावरून मागे बघता येतं का आणि वळल्यावर रस्ता हलतो का, ते पाहा.

फोन करायला उशीर करणं

नाक शिंकरणं, तोंड मिटून शिंक दाबणं, बद्धकोष्ठात कुंथणं, भरलेला हंडा किंवा सिलिंडर उचलणं, याने आतला दाब वाढतो. मुदत सर्जन सांगतील, ती पुरी पाळा. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. विमानप्रवासही विचारूनच.

पुढे वाकल्यावर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव टपकणं, घशात खारट चव उतरणं, तापासोबत मान ताठणं, जोराची डोकेदुखी, ऐकू येणं अचानक कमी होणं, बरी होत आलेली चक्कर पुन्हा वाढणं, चेहऱ्याची एक बाजू नव्याने लुळी पडणं किंवा डोळा नीट न मिटणं : यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी संपर्क करा. बोबडं बोलणं, एकाचे दोन दिसणं, हात-पाय गळणं असेल तर थेट तातडीच्या विभागात. फोनवर चार गोष्टी आधी सांगा : कोणता कान, शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, त्रास कधीपासून, आणि आज त्या कानाने कालच्याइतकंच ऐकू येतंय का.