व्यवसायाची वेबसाइट: आधी मजकूर, मग रंगरूप

बहुतेकदा डिझाइन आधी ठरतं, रिकाम्या चौकटींत नमुन्याचा मजकूर बसतो. खरा मजकूर आला की दोन ओळींच्या जागी सात ओळी होतात आणि मांडणी कोलमडते. म्हणून सुरुवात मजकुरापासून करा.

१. प्रश्न गोळा करा

ग्राहक फोनवर, मेसेजवर जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा: किंमत किती, किती दिवसांत मिळेल, बिघडलं तर काय? सारखे प्रश्न एकत्र केले की गट पडतात आणि या गटांचीच पुढे पानं होतात. मेन्यूत पाच-सात नावं पुरेत, तीही साधी: ‘सेवा’, ‘दर’, ‘संपर्क’. ‘आमचं विश्व’ वाचून आत काय आहे ते कळत नाही. कंपनीच्या विभागांप्रमाणे मेन्यू पाडण्याचा मोह तर टाळाच. तुमचे विभाग ग्राहकाला ठाऊक नसतात.

२. पान लिहा

एका पानाचं काम एकच. पहिल्या स्क्रीनवर तीन गोष्टी दिसाव्यात: तुम्ही काय करता, कोणासाठी, आणि पुढचं पाऊल कोणतं. त्या पावलासाठी मुख्य बटण एकच ठेवा आणि त्यावर ‘पुढे’ न लिहिता ‘दरपत्रक मागवा’ असं नेमकं लिहा. मग फक्त शीर्षकं आणि उपशीर्षकं वाचून बघा. तेवढ्यावरून पानाचा सार कळला नाही तर ती बदला. आपोआप सरकणाऱ्या चित्रपट्टीत महत्त्वाची माहिती ठेवू नका. दुसरं चित्र येईपर्यंत माणूस खाली गेलेला असतो. (ही पट्टी बहुधा ‘पहिली जागा कोणाला’ या ऑफिसातल्या वादावर तोडगा म्हणून येते.)

३. कच्ची मांडणी

कागदावर, आधी मोबाइलसाठी, एकाच रकान्यात. काय वर, काय खाली हे इथेच ठरतं. मोठ्या स्क्रीनवर रकाने वाढवणं मग सोपं जातं.

४. अक्षरं

मुख्य मजकूर किमान १६ पिक्सेल. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून ओळींची उंची अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवा. इंग्रजीसाठी चालणाऱ्या १.४ मध्ये ओळी एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा जुळवल्या की मोबाइलवर शब्दांमध्ये भगदाडं पडतात, तेव्हा मजकूर डावीकडेच लावा. पानाची भाषा कोडमध्ये मराठी नोंदवली तर नोटो सान्स देवनागरीसारखे फाँट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं दाखवतात.

५. रंग

एक मुख्य रंग, एक बटणांचा, बाकी करड्या छटा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पांढऱ्यावर फिकट करडा मजकूर ही नेहमीची चूक: डिझायनरच्या मॉनिटरवर देखणा, उन्हात मोबाइलवर गायब. फोटोवर मजकूर ठेवायचाच असेल तर मध्ये गडद अर्धपारदर्शक थर द्या. फॉर्ममधली चूक नुसत्या लाल रंगाने दाखवू नका, शब्दांत सांगा.

६. चित्रं

मोबाइलने काढलेला फोटो ४,००० पिक्सेल रुंद आणि काही एमबींचा असू शकतो. पानावर तो ८०० पिक्सेलच्या जागेत दिसणार असेल तर १,६०० पिक्सेल भरपूर झाले; वेबपी (WebP) या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवा. कोडमध्ये रुंदी-उंची लिहिली नाही तर चित्र उतरताना खालचा मजकूर उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. लेझी लोडिंग (वाचक जवळ आला की मगच चित्र उतरवणं) खालच्या चित्रांना लावा, पहिल्या स्क्रीनवरच्या मुख्य चित्राला नको, तेच उशिरा येईल. गूगलच्या निकषानुसार पहिल्या स्क्रीनवरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसायला हवा.

७. तपासा

पान २०० टक्के मोठं करून बघा. टॅब कळ दाबत प्रत्येक दुवा गाठता येतो का तेही पाहा. मग व्यवसायाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती मोबाइल द्या, ‘दर शोधा’ म्हणा आणि गप्प राहा. तो अडला तर आधी त्या जागचे शब्द बदलून बघा.

जुनी वेबसाइट बदलत असाल तर जुन्या पानांच्या पत्त्यांवरून नव्या पानांकडे ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्या पानावर नेणारी कायमची सोय) लावा, नाहीतर सर्च इंजिनातून येणारे लोक ‘पान सापडलं नाही’ या संदेशावर आदळतील.