चालती प्रोसेस दुसऱ्या यंत्रावर नेताना: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासाला लागलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: चालू प्रोसेस (म्हणजे प्रत्यक्ष चालत असलेला प्रोग्रॅम) एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर न्यायची, तर तिची मेमरी कॉपी केली की झालं ना? बरीच वर्षं याच कामात घालवल्यावर मी खात्रीने सांगतो, मेमरी हा त्यातला सोपा भाग आहे. खरी कसोटी लागते ती प्रोसेस कुठेकुठे गुंतलेली आहे ते सोडवताना. उघडलेल्या फाइल, चालू टीसीपी (नेटवर्कवरची) कनेक्शन, तिचा पीआयडी म्हणजे ओळख क्रमांक, तिने जन्माला घातलेल्या प्रोसेस, अजून न पोचलेले सिग्नल (प्रोसेसला मिळणारे छोटे इशारे). हे सगळं कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दहा ठिकाणी पसरलेलं असतं.

तरी सुरुवात मेमरीपासूनच करा, कारण तिथे कागदावर हिशोब मांडता येतो. समजा, प्रोसेसची मेमरी ४००० एमबी आहे आणि नेटवर्कवरून सेकंदाला १२५ एमबी जातात. प्रोसेस थांबवून कॉपी केली तर ती ३२ सेकंद ठप्प. म्हणून स्टॅनफर्डच्या व्ही सिस्टिमने १९८५ च्या सुमारास प्री-कॉपी आणली: प्रोसेस चालू ठेवूनच कॉपी सुरू करायची. ती सेकंदाला २५ एमबी नव्याने लिहीत असेल, तर पहिल्या फेरीनंतर ८०० एमबी बदललेले सापडतील. ते पाठवायला ६.४ सेकंद, तेवढ्यात १६० एमबी बदलतात. पुढच्या फेरीनंतर ३२ एमबी उरतात, मग प्रोसेस थांबवायची आणि पाव सेकंदात काम संपवायचं. आता लिहिण्याचा वेग सेकंदाला १२५ एमबी धरून हाच हिशोब पुन्हा करा. फेऱ्या कितीही मारा, उरलेला आकडा खाली येतच नाही. प्री-कॉपी कुठे चालते आणि कुठे नाही, हे या एका हिशोबातून जेवढं कळतं तेवढं व्याख्यानांतून कळत नाही.

कार्नेगी मेलनच्या ॲक्सेंट सिस्टिमने उलटा मार्ग धरला. प्रोसेस लगेच न्यायची आणि मेमरीची पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) लागतील तशी मागवायची. वेळ वाचतो, पण जुनं यंत्र बंद पडलं की नव्या यंत्रावरची प्रोसेसही मरते. अशी मागे उरलेली बांधिलकी प्रत्येक डिझाइनमध्ये शोधायची सवय लावून घ्या.

बर्कलीची स्प्राइट सिस्टिम मला या सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते. जॉन ऑस्टरहौट यांच्या गटाने ती १९८०च्या दशकात बांधली. रिकाम्या यंत्रांवर कंपाइलची कामं पाठवायची आणि यंत्राचा मालक परत आला की पाहुणी प्रोसेस निमूटपणे हलवायची, हा तिचा उपयोग. पण तिथली बहुतेक स्थलांतरं 'एक्झेक'च्या क्षणी, म्हणजे प्रोसेस आपल्या जागी नवा प्रोग्रॅम सुरू करते तेव्हा, होत. त्या क्षणी जुनी मेमरी टाकूनच द्यायची असते, त्यामुळे तो सगळा बोजा सोबत न्यावाच लागत नाही. प्रोसेस कशी हलवायची याइतकाच केव्हा हलवायची हा प्रश्न मोलाचा आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं.

मग हे सगळं रोजच्या वापरात का रुजलं नाही? माझ्या मते, सामान्य कर्नलमध्ये प्रोसेसची सीमा पुरेशी स्वच्छ नसते. आख्खं व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभं केलेलं यंत्र) हलवलं तर कर्नलही सोबत जातं आणि बहुतेक गुंता आतल्या आतच राहतो. २००५ मध्ये झेन या हायपरवायझरवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे मशीन चालू ठेवूनच हलवणं, दाखवलं गेलं, आणि व्यवहारात तीच वाट रुळली. पुढे कंटेनर (एकाच कर्नलवर वेगळे ठेवलेले प्रोसेसचे गट) आले आणि लिनक्सवर क्रियू या, चालती प्रोसेस गोठवून पुन्हा जिवंत करणाऱ्या, प्रकल्पाने प्रोसेसचा प्रश्न पुन्हा हाती घेतला.

शिकायला क्रियूच घ्या. दोन व्हर्च्युअल मशीन उभी करा, नुसता आकडे मोजत जाणारा प्रोग्रॅम गोठवा आणि दुसरीकडे जिवंत करा. मग त्याला एक फाइल उघडायला लावा, नंतर पाइप (दोन प्रोसेसमधली वाट), मग सॉकेट (नेटवर्क कनेक्शनचं टोक). प्रत्येक टप्प्याआधी प्रॉक फाइलसिस्टिममध्ये (कर्नल प्रोसेसची माहिती फाइलींसारखी दाखवतं तिथे) त्या प्रोसेसची मेमरीची यादी आणि फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलींचे क्रमांक) डोळ्यांखालून घाला, आणि काय अडेल याचा अंदाज लिहून ठेवा. या अंदाजांच्या वहीने जेवढं शिकवलं तेवढं मला दुसऱ्या कशानेच शिकवलं नाही.

दोन अडचणी बहुतेकांच्या यादीत नसतात. सुरुवातीला प्रोसेसरची क्षमता तपासून एव्हीएक्स-५१२ (काहीच प्रोसेसरवर असणाऱ्या खास सूचना) वापरायला लागलेला प्रोग्रॅम ती सोय नसलेल्या यंत्रावर नेला, तर तो बेकायदा सूचनेच्या सिग्नलने कोसळतो. दुसरी अडचण घड्याळाची. लिनक्सचं मोनोटॉनिक घड्याळ यंत्र सुरू झाल्यापासून मोजतं. नवं यंत्र नुकतंच सुरू झालेलं असेल, तर कधीच मागे न जाण्याची हमी असलेलं घड्याळ प्रोसेसला मागे गेलेलं दिसतं. यावर टाइम नेमस्पेस (प्रोसेसच्या गटाला घड्याळाची वेगळी सुरुवात देणारी सोय) हा उपाय लिनक्स ५.६ मध्ये, म्हणजे थेट २०२० मध्ये आला.

क्लाउड, हायपरवायझर किंवा कंटेनर रनटाइमच्या कामासाठी मुलाखत घेताना मी एकच प्रश्न लांबवतो. सगळी स्थिती पोचली, नव्या यंत्राने 'मिळालं' म्हणून कळवलं, पण तो निरोप वाटेत हरवला. जुनं यंत्र आता काय करेल? आपल्याकडची प्रत पुन्हा सुरू केली तर एकाच प्रोसेसच्या दोन प्रती एकाच फाइलवर लिहू लागतील. मारून टाकली आणि नवं यंत्र तोवर बंद पडलेलं असेल, तर एकही उरणार नाही. जो उमेदवार जुनी प्रत गोठवलेलीच ठेवतो, आणि नव्या यंत्राचा स्टोरेजशी संबंध तोडल्याची खात्री होईपर्यंत तिला हात लावत नाही, त्याच्याशी मी पुढे तासभर बोलतो.