आकाशात सरकणारा दिवा ओळखावा कसा?

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत अंगणात आणि गच्चीवर असलेल्या लोकांना आकाशातून जळत जाणाऱ्या ठिपक्यांची एक रांग दिसली. कोणी तिला उल्का म्हटले, कोणी पेटलेले विमान म्हटले, कोणी उडती तबकडी. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावात सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले आणि आसपासच्या परिसरात धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या ‘चांग झेंग ३बी’ या चिनी रॉकेटचा कक्षेत राहून गेलेला टप्पा त्या संध्याकाळी वातावरणात शिरून जळाला असावा, असा निष्कर्ष उपग्रहांच्या नोंदी ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडला. हे पुढचे झाले. परंतु ती उल्का नव्हे एवढे तर त्या क्षणी गच्चीवरूनही सांगता आले असते, कारण बहुतेक उल्का एक-दोन सेकंदांत संपतात आणि इथे लोकांना मोबाइल काढून सावकाश चित्रण करण्याइतका वेळ मिळाला होता.

अनोळखी प्रकाश दिसला की आपले मन प्रथम ज्या गोष्टी ठरवू पाहते, त्या म्हणजे उंची, अंतर, आकार आणि वेग. नेमक्या याच चार गोष्टी नुसत्या डोळ्यांना ठरवता येत नाहीत. अंधारातल्या एका ठिपक्याशेजारी तुलनेला काहीच नसते, त्यामुळे ‘हजारेक फुटांवरून गेले’ किंवा ‘विमानापेक्षा कितीतरी वेगात होते’ ही वाक्ये प्रामाणिकपणे सांगितलेली असली, तरी ओळख पटवण्याच्या कामी येत नाहीत. एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला जवळजवळ ७.७ किलोमीटर वेगाने जाते, तर प्रवासी विमान १० ते ११ किलोमीटर उंचीवरून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास. वेगात तीसपट फरक असूनही डोक्यावरून जाताना दोन्ही सेकंदाला साधारण एक ते दीड अंशच सरकताना दिसतात. म्हणजे केवळ चाल पाहून उपग्रह आणि विमान वेगळे काढण्याचा प्रयत्न करणारा माणूस फसणारच.

मग टिपायचे काय? प्रथम वेळ, आणि तीही ‘जेवण झाल्यावर’ अशी नव्हे, तर मोबाइलवर पाहून मिनिटापर्यंत. त्यानंतर दिशा. प्रकाश कोठे उगवला, सर्वांत उंच कोठे होता आणि कोठे मावळला, अशा तीन जागा लिहाव्यात. ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य ही उपदिशांची सुटसुटीत नावे आपल्या रोजच्या भाषेत आहेत. त्यांचा येथे खरा उपयोग होतो. उंची मीटरमध्ये न सांगता अंशांत सांगावी आणि त्यासाठी हात पुरतो. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ आकाशाचा साधारण १० अंशांचा भाग झाकते, करंगळी १ अंशाचा, आणि ताणलेली वीत सुमारे २० अंशांचा. स्वतःचा हात तपासून घ्यायचा असेल तर ध्रुवतारा पाहावा. तो क्षितिजापासून आपल्या गावाच्या अक्षांशाइतकाच उंच असतो, म्हणजे पुण्यात १८.५ अंश, दोन मुठींना किंचित कमी, आणि नागपुरात २१ अंश, दोन मुठींना किंचित जास्त.

चौथी नोंद बहुतेक लोक करत नाहीत, आणि माझ्या अनुभवात तीच सर्वाधिक उपयोगी ठरते: प्रकाश नाहीसा कसा झाला? दिसायला लागला तो क्षण आश्चर्यात निघून जातो, पण शेवट पाहायला आपण तयार असतो. तो झाडामागे गेला, क्षितिजापर्यंत जाऊन धुरकटला, पटकन फुटून विझला, की मोकळ्या आकाशाच्या मध्यावर, कोणतेही ढग नसताना, चार-पाच सेकंदांत मंद होत दिसेनासा झाला? हा शेवटचा प्रकार पाहणाऱ्याला सर्वांत गूढ वाटतो आणि तोच सर्वांत निःसंदिग्ध खूण असतो. असा विझणारा, न लुकलुकणारा, एकाच रंगाचा दिवा बहुधा उपग्रह असतो.

याचे कारण असे की उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे सूर्य मावळलेला असला तरी काहीशे किलोमीटर उंचीवर ऊन असते, आणि त्या उन्हात चकाकणारा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझतो. म्हणूनच संध्याकाळी पश्चिमेकडून उगवलेले अवकाश स्थानक अनेकदा पूर्वेच्या आकाशात, क्षितिजाला पोहोचण्यापूर्वीच नाहीसे होते, आणि पहाटे याच्या उलट, सावलीतून बाहेर पडताना ते आकाशाच्या मधूनच अवतरते. आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर साधारण दीड तासात ४०० किलोमीटर उंचीवरचा डोक्यावरचा भाग सावलीत जातो. पश्चिमेकडचे उपग्रह त्यानंतरही काही काळ दिसतात. युरोपीय निरीक्षकांच्या मार्गदर्शिका वाचून येथे एक चूक हमखास होते. तेथे उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाखाली फारसा जात नाही, म्हणून उपग्रह रात्रभर दिसतात. महाराष्ट्रात जून महिन्यातही मध्यरात्री सूर्य ४५ अंशांहून अधिक खाली असतो, त्यामुळे मध्यरात्री डोक्यावरून गेलेला ठळक, संथ प्रकाश हे अवकाश स्थानक नव्हते एवढे घड्याळ पाहूनच सांगता येते.

स्थानकाची आणखी एक खूण त्याच्या मार्गात आहे. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, त्यामुळे आपल्याकडे ते नैऋत्येकडून ईशान्येकडे किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. पूर्वेकडून पश्चिमेकडे ते कधीच जात नाही. संपूर्ण दर्शन फार तर पाच-सहा मिनिटांचे असते आणि चांगल्या दर्शनात ते शुक्राची बरोबरी करते. चीनचे तियानगोंग स्थानकही असेच दिसते, जरा मंद. ही दर्शने आधीच गणिताने ठाऊक असतात, म्हणून ‘हेवन्स अबव्ह’ या संकेतस्थळावर आपले गाव निवडून त्या रात्रीची यादी काढावी आणि आपल्या वहीतील वेळेशी पडताळावी. वेळ मिनिटापर्यंत का लिहायची, ते येथे कळते.

मे २०१९ मध्ये उपग्रहांद्वारे इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह सुटले, आणि तेव्हापासून सर्वांत जास्त विचारणा ‘आकाशातल्या आगगाडी’बद्दल होऊ लागली. प्रक्षेपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हे उपग्रह एकाच मार्गावर, एकामागोमाग एक, समान अंतराने जाताना दिसतात. माळेतला प्रत्येक मणी ठरावीक जागी सावलीत शिरून विझतो. पुढे ते पांगतात आणि वरच्या कक्षेत जाऊन बरेच मंद होतात. मात्र सूर्यास्तानंतर काही तासांनी किंवा पहाटेपूर्वी, सूर्य ज्या दिशेला क्षितिजाखाली असतो त्या बाजूला अगदी खाली, एकाच भागात एकामागून एक ठिपके काही सेकंद उजळून विझताना दिसले, तर तेही याच उपग्रहांचे चमकणे असते. रात्रीच्या विमानांचे वैमानिकही त्याने चकित झाले आहेत. जुन्या मराठी लेखांत इरिडियम उपग्रहांच्या लखलखाटाचे वर्णन येते. ते उपग्रह आता बहुतेक कक्षेतून उतरवले गेले आहेत, त्यामुळे त्या स्पष्टीकरणाचा आधार यापुढे घेऊ नये.

विमान ओळखणे सोपे असते, फक्त एक प्रसंग सोडून. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीला पांढरा आणि यांच्या जोडीला लुकलुकणारे दिवे, ही रचना साध्या दुर्बिणीतूनही स्पष्ट दिसते. आवाजावर मात्र विसंबू नये: १० किलोमीटर उंचीवरच्या विमानाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून आवाज जेथून येतो त्याच्या बरेच पुढे दिवा शोधावा लागतो. फसवणारा प्रसंग म्हणजे उतरण्यासाठी आपल्याच दिशेने येणारे विमान. त्याचा समोरचा प्रखर दिवा काही मिनिटे एकाच जागी स्थिर दिसतो, हळूहळू तेजाळतो, आणि विमान वळताच विझल्यासारखा होऊन त्याच्या जागी दोन-तीन बारीक दिवे उरतात. मुंबईच्या विमानतळाकडे येणाऱ्या विमानांची रांग कर्जत-बदलापूरच्या बाजूने पाहिल्यास हा देखावा वारंवार अनुभवता येतो. उडती विमाने नकाशावर दाखवणारे ‘फ्लाइटरडार २४’ सारखे ॲप त्याच वेळी उघडले तर शंका बहुधा तेथेच मिटते. परंतु लष्करी विमाने अशा नकाशावर नेहमी दिसत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

आता मुळीच न सरकणाऱ्या, तरीही सरकल्यासारख्या वाटणाऱ्या दिव्यांविषयी. शुक्राने जितक्या लोकांना चकवले असेल, तितके दुसऱ्या कशानेही चकवले नसेल. ढग वाहत असले की तो धावतो, गाडीत बसलो की तो पाठलाग करतो, आणि अंधारात एकाच ठिपक्याकडे बराच वेळ टक लावली की डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालींमुळे तो डोलू लागतो. उपाय अगदी साधा आहे. भिंतीची कड, विजेची तार किंवा झाडाची फांदी यांच्या रेषेत तो धरून, डोके टेकवून, पाच मिनिटे थांबावे. तारा किंवा ग्रह असेल तर एवढ्या वेळात सव्वा अंशाहून अधिक सरकणार नाही. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून दूर जात नाही, म्हणून तो मध्यरात्री दिसत नाही. तेव्हा संशयित दुसरा शोधावा. हिवाळ्यात लाल-निळा-हिरवा लकाकणारा ‘ड्रोन’ बहुतेक वेळा व्याध हा तारा असतो, आणि दक्षिणेला क्षितिजाशी असाच चमकणारा अगस्त्य हा तारा.

खऱ्या ड्रोनचे प्रकार निराळे. तो थबकतो, वळतो, वर-खाली होतो, आणि पुष्कळदा त्याची घरघर ऐकू येते. गेल्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात ड्रोनच्या अफवांमुळे लोकांनी रात्री जागून काढल्या आहेत. आधीच्या पिढीने ज्याला आग्या वेताळ म्हटले असते, त्याला आपण ड्रोन म्हणतो, इतकाच कधीकधी फरक असतो. दिवाळीत आणि लग्नसराईत सोडलेले उडते कागदी कंदील नारिंगी, थरथरते आणि वाऱ्याच्या दिशेने जाणारे असतात. तीन-चार कंदील एकदम सोडले की ते ‘एका रांगेत शिस्तीने उडताना’ दिसतात, म्हणून जमिनीवरचा वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हेही नोंदवावे. ढगांवर फिरणारी, पुन्हा पुन्हा त्याच वाटेने येणारी फिकट वर्तुळे म्हणजे मिरवणुकीतले किंवा एखाद्या कार्यक्रमाचे प्रकाशझोत. गणपतीच्या दिवसांत याची फोड करून सांगावी लागू नये, पण लागते.

क्वचित एखादा प्रकाश पंख्यासारखा पसरतो आणि मागे तेजस्वी धुराचा पट्टा ठेवतो. १५ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी ओडिशाच्या किनाऱ्यावरून झालेल्या अग्नी-५ क्षेपणास्त्राच्या चाचणीच्या वेळी पूर्व भारतात असाच देखावा दिसला होता. संधिप्रकाशाच्या वेळी उंच गेलेल्या धुरावर ऊन पडल्याने तो उजळतो.

उल्का आणि परतणारा अवकाश-कचरा यांतील फरक वर आला आहे, तो थोडा वाढवतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येतात, तर कक्षेतून उतरणारा कचरा ७-८ किलोमीटरने. त्यामुळे कचरा जवळजवळ आडवा, संथपणे, तुकडे होत मिनिटभर किंवा त्याहून अधिक काळ जातो. उल्का पाहायची सवय करायची असेल तर १३-१४ डिसेंबरची रात्र निवडावी. ऑगस्टमधला ययाती (पर्सियस) या तारकासमूहाचा उल्कावर्षाव जगात गाजतो, पण आपल्याकडे तो पावसाच्या ढगांत बुडतो. डिसेंबरमधला मिथुनेचा वर्षाव मात्र निरभ्र आकाशात मिळतो.

चित्रण करताना मोबाइल कशाला तरी टेकवावा आणि चौकटीत खांब, गच्चीचा कठडा किंवा झाड राहील असे पाहावे, कारण त्याशिवाय सरकला तो दिवा की हात, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. झूम टाळावा. झूम केल्यावर दिसणारी जाळीदार ‘तबकडी’ ही फोकस न साधलेल्या भिंगाची करामत असते. मोबाइल हलवल्यावर ठिपका रस्त्यावरच्या दिव्याच्या उलट दिशेने हलला, तर ते भिंगातले प्रतिबिंब आहे.

एवढे करूनही काही नोंदी उरतात. त्यांच्यापुढे ‘अनोळखी’ असे लिहून वेळ, तीन दिशा, अंश आणि शेवट यांसह त्या तशाच ठेवाव्यात, आणि पुण्यात १९४४ पासून काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या आकाशनिरीक्षकांच्या संस्थेला दाखवाव्यात. दुसऱ्या गावातील एखाद्याने तोच प्रकाश त्याच मिनिटाला पाहून अंश लिहिले असतील, तर दोन नोंदींवरून खरी उंची काढता येते. आणि लाडबोरीप्रमाणे काही शेतात येऊन पडलेच, तर त्याला हात लावू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि तहसील कार्यालयाला किंवा पोलिसांना कळवावे, कारण रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो.