पाहिलेल्या घटनेची आठवण शाबूत कशी ठेवावी

एखादा अपघात किंवा वाद डोळ्यांदेखत घडला असेल आणि पुढे त्याविषयी सांगावे लागणार असेल, तर कोणाशीही चर्चा करण्यापूर्वी तो लिहून काढावा, आणि हे काम उद्यावर टाकू नये. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून, काही काळाने ते पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे स्वतःवरच मोजले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनी ही बचत सुमारे ५८ टक्के होती, एका दिवसाने सुमारे ३४, तर महिन्याभराने सुमारे २१ टक्के. अर्थपूर्ण घटना इतक्या वेगाने पुसली जात नाही हे खरे. पण नेमके शब्द, क्रम आणि वेळ हे तपशील लवकर निसटतात.

लिहिताना स्वतः पाहिलेले, इतरांकडून ऐकलेले आणि आपण लावलेला तर्क यांची सरमिसळ होऊ देऊ नये. जे आठवत नाही, तेथे जागा कोरी सोडावी.

दुसऱ्याला विचारताना तर शब्द फारच जपून वापरावेत. स्मृतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवून वेगाविषयी प्रश्न विचारला. काहींना गाड्या ‘धडकल्या’ तेव्हाचा वेग विचारला, तर काहींना ‘धडकून चक्काचूर झाल्या’ तेव्हाचा. आठवड्याने फुटलेली काच दिसली होती का असे विचारल्यावर पहिल्या गटातील ५० पैकी ७ जणांनी आणि दुसऱ्या गटातील ५० पैकी १६ जणांनी होकार दिला. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. एका क्रियापदाचा हा परिणाम मला आजही अस्वस्थ करतो, कारण असे प्रश्न आपण घरात मुलांनाही सहज विचारतो. म्हणून ‘त्याने ढकलले का?’ असे न विचारता ‘काय झाले ते सांग’ इतकेच म्हणावे आणि मध्ये न बोलता ऐकावे.

पुढे आठवण आणि नोंद जुळली नाही, तर केवळ खात्री वाटते म्हणून आठवणीची बाजू घेऊ नये. १९८६ च्या ‘चॅलेंजर’ अंतराळयानाच्या दुर्घटनेची बातमी आपल्याला कशी कळली, हे दुसऱ्याच दिवशी लिहून देणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी पुढे काही वर्षांनी ठामपणे वेगळीच हकिगत सांगितली, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातील कागद समोर ठेवल्यावरही त्यांना मूळ प्रसंग आठवला नाही. मूळ नोंदीत खाडाखोड न करता नव्याने आठवलेली बाब खाली, त्या दिवसाची तारीख घालून, स्वतंत्रपणे लिहावी.